चेहरा सोडून बाकी सगळं

कापड उलगडलं आणि अँब्रोस टल्कला स्वतःच्या मुलीचा चेहरा दिसला.

भल्यामोठ्या कॅनव्हासवर एवढा चेहराच. मानेखाली सगळं कोरं. लंडनची रीतच तशी. बड्या चित्रकारानं चेहरा काढायचा आणि नाव कमवायचं. खालचं रेशीम, लेस, हातपाय टल्कसारख्यानं रंगवायचे आणि तोंड बंद ठेवायचं. अर्ध्या शहराच्या सरदारणींना त्यानं कपडे चढवले होते. एकीनंही त्याचं नाव कधी विचारलं नाही.

"केझिया," त्याची बायको डॉर्कस म्हणाली आणि होती तिथंच खाली बसली. "जिवंत आहे हो पोर."

दोन वर्षांपूर्वी डॉर्कस बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. परतली तर पोर घरात नव्हती. शिपायाचा हात धरून पळाली, असं टल्कनं सांगितलं. गल्लीलाही तेच सांगितलं.

चित्रासोबत चित्रकार लव्हलॉकसाहेबांची चिठ्ठी होती. लॉर्ड हेव्हरस्टोकनं ठेवलेली बाई. अंगात नुसती आतली पातळ शेमीज, एक खांदा उघडा, पाय अनवाणी. मागे बर्फ.

"घ्या," टल्क म्हणाला. "बर्फ पडतोय तरी ह्यांना बाई उघडीच हवी. आणि उघडी करायची कुणी, तर बापानं."

"नाही म्हणून कळवा."

"मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी करील. तो काय खांद्यावर थांबणार आहे?"

"आणि लव्हलॉकसाहेबांनी काम देणं बंद केलं तर?"

"काम गेलं खड्ड्यात."

आठ दिवस तो खपला. जाड लोकरीचा झगा, गळ्यापर्यंत बंद. वर अस्तराचा लांब डगला. पायांत बूट, हातांत मोजे. तसूभर कातडी उघडी ठेवली नाही. डॉर्कस शेजारी बसून बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचा असा अभिमान कधी वाटला नव्हता.

नवव्या दिवशी लव्हलॉक आला. चित्रासमोर उभा राहिला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"टल्क, चर्चला निघालेली म्हातारी काढलीस की काय?"

"माझी मुलगी आहे ती, साहेब. तुमच्या लॉर्डला सांगा, हिचा बाप अजून मेलेला नाही."

लव्हलॉक चपापला. आधी चित्रातल्या चेहऱ्याकडे बघितलं, मग टल्कच्या.

"लॉर्डला ती निळ्या रेशमात हवी होती," तो सावकाश म्हणाला. "शेमीज, बर्फ, सगळं तिनं सांगितलं. कपडे तूच रंगवायचे, ही अटही तिचीच. मी म्हटलं, अगं, असलं काही समोर बघितल्याशिवाय तो काढणार कसं?"

"पुरे, साहेब," टल्क म्हणाला.

डॉर्कस उठून उभी राहिली. "काय म्हणाली ती?"

"मला तेव्हा अर्थ लागला नाही, बाई. म्हणाली, त्याला बघावं लागणार नाही. जानेवारीत त्यानंच मला अशा अवतारात दाराबाहेर ढकललं, आतून कडी घातली, आणि खिडकीतून बघत उभा राहिला."