मोडायला मनाई

शेजारच्या गावातल्या शाळेत एका पोराने घरच्या कपाटातली बंदूक नेऊन गोळ्या झाडल्या, हे ऐकलं आणि रोवीनाने आपल्याही कपाटातली वडिलांची रायफल बाहेर काढली. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या आपल्या गावच्या एवढ्याशा पोलीस ठाण्यात जाऊन तिने ती टेबलावर ठेवली.

“हँकिन्सकाका, हिचे तुकडे करून टाका.”

वडिलांचा शिकारीतला सोबती असलेला म्हातारा हवालदार दचकलाच. “भलतंच काय बोलतेस पोरी! जमा झालेली बंदूक मोडायची नाही, असा कायदा आहे आपल्याकडे. आम्ही तिचं तेलपाणी करतो, जपून ठेवतो आणि लिलावात चांगलं स्थळ बघून पाठवणी करतो.”

“म्हणजे हिच्या जिवाला काही म्हणजे काही होणार नाही?”

“बिशाद आहे कुणाची! अख्खी विधानसभा उभी आहे हिच्या पाठीशी.”

रोवीनाने रायफल बाजूला सारली. शेजारी उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या लेकीला तिने अलगद उचलून टेबलावर बसवलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“मग काका, हिलाही जमा करून घ्या. सोमवारी शाळा पुन्हा भरतेय.”