आई, दार उघड

तपासणीवालीने मोनीरच्या डोक्यावरून घेतलेल्या चादरीची टाचणीसुद्धा काढून घेतली. हनुवटीखाली चादर मुठीत आवळूनच मोनीर आत शिरली.

"अजूनही परत फिरू या, आई," नसरीन कुजबुजली. "बाबा असते तर त्यांनी येऊ दिलं नसतं. तुला झेपायचं नाही."

"आलोय ना आता? गप्प बस."

तुरुंगाच्या जेवणघरात पडदा बांधला होता. कैद्यांचं नाटक होतं. त्यात पेमान होता. खुनाबद्दल त्याला बुधवारी पहाटे फाशी होती. कायद्याने, मेलेल्याच्या घरच्यांनी माफ केलं तरच ती टळणार होती.

सहा वर्षांत त्याची अकरा पत्रं आली. मोनीरने एकही फोडलं नव्हतं. परवा नाटक बसवणारे कामरानसाहेब स्वतः घरी आले, दोन पेले चहा प्यायले आणि उठताना म्हणाले, "खानम, एकदा त्याला बघा. बाकी काही मागत नाही."

दोघींना पहिल्या रांगेत बसवलं. पलीकडच्या टोकाला एक बाई मान खाली घालून जपमाळ ओढत होती.

पडदा सरकला. पेमान किती वाळला होता! कोर्टात पाहिला तेव्हा गाल भरलेले होते.

तो लढाईवरून घरी परतलेला शिपाई झाला होता. लाकडी चौकटीवर थाप मारून तो म्हणाला, "आई, दार उघड. मी आलो."

तेवढ्यात त्याची नजर मोनीरवर पडली आणि शब्दच अडले. आतून कुणीतरी पुढचं वाक्य सांगितलं. ते त्याला ऐकूच गेलं नाही. हात तसाच दारावर. मागे पहारेकरी खाकरला.

मोनीर पुढे झुकली. बोल रे. बोल काहीतरी.

"भूक लागलीय म्हण!" ती एकदम मोठ्याने म्हणाली. "घरी आलेला पोरगा दुसरं काय म्हणतो?"

कुणी हसलं नाही.

"भूक लागलीय, आई," पेमान म्हणाला, आणि तिथेच गुडघ्यांवर बसून हुंदके देऊ लागला.

कुणीतरी घाईघाईने पडदा ओढला. नसरीनने धरलेला हात सोडवून मोनीर उठली आणि रांगेच्या टोकापर्यंत चालत गेली. जपमाळ ओढणारी बाई डोळे पुसता पुसता दचकून उभी राहिली. मोनीरने तिचा दंड धरला.

"रडू नका," ती म्हणाली. "तुमचा मुलगा बुधवारी मरणार नाही. माझ्या मुलाचा खून मी त्याला माफ केला."