दोघांच्या सहीचं खातं

मुलीचं लग्न ठरलं त्याच वर्षी कॅशियरची निवृत्ती आली, आणि त्याच वर्षी त्याच्या डोक्यात त्या बाईचा संशय शिरला.

दोन वर्षांपूर्वी तो या शाखेत बदलून आला तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला ती यायची. खातं नवरा-बायकोचं, दोघांच्या सह्यांनी चालणारं. इतकं जुनं, की कार्डावर फोटो नाहीत, नुसत्या सह्या. नवऱ्याची सही ती घरून आणायची. दुसरी खिडकीशी उभी राहून करायची, एकेक अक्षर जपून काढत.

"यजमान कसे आहेत?" कॅशियरनं विचारलं.

"आहेत तसेच."

"एकदा घेऊन या की त्यांना."

"त्यांच्याच्यानं जिना उतरवत नाही." तिनं नोटा पर्समध्ये कोंबल्या आणि मागे न बघता चालू लागली.

"उतरणार कसा? कायमचा वर गेलाय तो," शिपाई खिदळला. "मेलेल्याची सही पास करताय, साहेब!"

कॅशियरला हसू आलं नाही. दोघांतलं एक गेलं की असं खातं वारसांचे कागद येईपर्यंत बंद. काही निघालं तर चौकशी लागणार, निवृत्तीचे पैसे अडकणार, आणि लग्न तर त्याच पैशांवर ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो कार्डावरच्या पत्त्यावर गेला. तिसरा मजला. दार नुसतं लोटलेलं.

"कोण ते? या आत."

खाटेवर म्हातारा उशीला टेकून वर्तमानपत्र वाचत होता. दाढी केलेली, नजर शाबूत. नाव तेच.

"बँकेतून आलोय. एक सही हवी होती."

म्हाताऱ्यानं एका झटक्यात सही केली. हुबेहूब तीच, शेवटच्या फराट्यासकट.

कॅशियर खुर्चीत मटकन बसला. डोक्यातला घोर एका सहीनं उतरला.

"माफ करा हं," तो हसत म्हणाला. "वहिनी नेहमी एकट्याच येतात ना बँकेत, म्हणून मनात नाही नाही ते आलं."

"कोण वहिनी?"

"तुमच्या मिसेस हो. कालच येऊन गेल्या."

"ती होय! ती माझी बहीण. घर तीच सांभाळते." म्हाताऱ्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. "बायको वारली. येत्या मंगळवारी तीन वर्षं होतील."