चढा आवाज
घड्याळजीला ऐकू येईनासं झालं, तसा त्याच्या बायकोचा आवाज चढला. ‘जेवायला चला’ एवढंच सांगायची, पण वरचा मजलासुद्धा दचकायचा. अख्ख्या इमारतीनं तिला भांडकुदळ ठरवलं. कुणी तिच्या दारात फिरकेना. गेल्या आठवड्यात ती गेली. वडील एकटे पडले म्हणून मुलीनं त्यांच्या कानात मशीन बसवून आणलं, पण आता जिचं ऐकायचं तीच उरली नव्हती. संध्याकाळी शेजारणी भेटायला आल्या. म्हाताऱ्याला कुठलं ऐकू येतंय, अशा समजुतीनं एक दुसरीला म्हणाली, “सुटला बिचारा. जन्मभर हिडीसफिडीस सोसली त्यानं.” मुलगी काही बोलणार, तोच घड्याळजीनं तिचा हात दाबला. मशीन काढून तळहातावर ठेवलं आणि तो शेजारणीला म्हणाला, “ओरडायची खरी. पण माझ्यापर्यंत येईतो तिचा आवाज फार हळू व्हायचा, ताई. लग्न होऊन आली तेव्हा होता ना, अगदी तसाच.”