रोज वीस टाके

या, सरकून जवळ बसा. गोष्ट एवढीशी आहे, हातातला चहा निवायच्या आत संपेल. पण मन लावून ऐका, कारण ती एका भल्या माणसाची आहे, आणि भल्या माणसाचं ऐकताना देवही येऊन शेजारी बसतो म्हणतात.

सकाळी साडेसातला शिंपीमास्तर खिडकीपाशी बसले. उजव्या अंगावरून वारं गेल्याला पाच महिने झाले होते. पाय सावरला होता, हात नाही. तो आता नुसता कापडावर ठेवायचा, वजन म्हणून, आणि शिवायचं डाव्याने. रोज वीस टाके. एकोणीस नाहीत, एकवीस नाहीत. ताप असो, पाहुणे असोत, वीस म्हणजे वीस. आजचा एकाहत्तरावा दिवस.

"डोंगर नाही गं फोडायचा," ते बायकोला म्हणायचे, "रोज एक खडा उचलायचा."

बायको त्यांना सोपं काम द्यायची. उशीचा अभ्रा, पडद्याची कड. टाके झाले की कापड इस्त्रीला न्यायची आणि मास्तर दुपारी झोपून उठले की सुलट बाजूने त्यांच्यापुढे धरायची. सुलट बाजूला टाक्याचा नुसता ठिपका दिसतो. पहिले आठ दिवस ते ठिपके वाट फुटेल तिकडे पळत होते. नवव्या दिवसापासून ओळीत आले.

"सकाळी तर वाकडे दिसत होते," मास्तर म्हणाले होते.

"इस्त्री फिरली की टाका बसतो हो."

चाळीस वर्षं इस्त्री केलेल्या माणसाला हे पटायला नको होतं. पण आशेपुढे अनुभवाचं काय चालतं? आणि सांगणारी कोण, तर तेवढीच वर्षं दुकानाची काज-बटणं आणि तुरपाई केलेली बाई.

त्या ठिपक्यांच्या भरवशावर मास्तरांनी परवा हेडमास्तरांच्या कोटाचं कापड घेतलं होतं. शाळेतल्या निरोप समारंभाचा कोट. हेडमास्तर खूश होऊन म्हणाले, "मास्तर, हात डावा झाला, पण कारागीर उजवाच राहिला!" त्या रात्री मास्तर दोन घास जास्त जेवले.

काल पहिल्यांदाच पॅन्ट हातात आली. काल एक पाय झाला, आज दुसरा. उलटी करून मांडीवर घेतली, वीस टाके घातले, आणि मग अंतर जुळतंय का बघायला कालचा पाय शेजारी ओढला.

कालचे टाके सुरेख होते. एकसारखे, सगळे एका अंगाला कललेले. आजचे वेडेवाकडे होते, आणि सगळे दुसऱ्या अंगाला कललेले.

उजव्या हाताचा टाका एकीकडे झुकतो, डाव्याचा दुसरीकडे. शिंप्याच्या घरातल्या मांजरालाही हे ठाऊक असतं. मास्तरांनी शेवटची गाठ अंगठ्याने चाचपली. तीन वेढे. त्या दुकानात गाठीला तीन वेढे देणारं माणूस एकच होतं.

"अगं, इकडे ये."

ती इस्त्रीपाशी होती. आली.

"हा पाय कुणी शिवला?"

"तुम्हीच की. काल नाही का..."

"कुणी शिवला?"

ती पॅन्टकडे बघत राहिली. "मी."

"आणि ते अभ्रे? पडदे?"

"पहिले आठ दिवस नाही हो," ती घाईघाईने म्हणाली. "आठव्या दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, हे काय उंदराने शिवलंय का? तुम्ही आत होतात. ऐकलं असतंत तर सुई फेकली असतीत. म्हणून एकदाच तुमचे उसवून माझे घातले. दुसऱ्यांदा नव्हतेच घालणार. पण ओळ बघून तुम्ही हसलात. दुखण्यानंतर पहिल्यांदा. मग मला थांबता येईना."

मास्तरांनी मांडीवरची पॅन्ट तळव्याने सपाट केली.

"मी एक दिवस चुकवला नाही," ते म्हणाले. "आणि तूही नाही."

"तुमच्यासाठीच केलं ना?"

"वाकडा टाका दिसला असता, तर दुसऱ्या दिवशी केसभर कमी वाकडा घातला असता. सत्तर दिवसांत सत्तर केस. आता मी कुठवर आलोय, मलाच माहीत नाही. माझं मला तरी बघू द्यायचं होतंस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी मास्तर विरघळले असते. आज त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

"हेडमास्तरांचं कापड परत देऊन ये. सांग, मास्तरांचा हात अजून आठव्या दिवसावर आहे."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"उंदीर म्हणतील. म्हणू दे."

मग त्यांनी कात्री घेतली आणि कालचे ते सुरेख टाके एकेक करून कापले. पुरे वीस. ती बघत उभी राहिली. टाके निघाल्यावर तिने सवयीने सुई उचलली. दोरा रोज तीच ओवून द्यायची.

"ठेव ती."

तिने ठेवली.

मास्तरांनी सुई सुया-टाचण्यांच्या उशीत उभी टोचली, डाव्या हाताने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि नेढ्याकडे नेलं. दोरा बाजूने निघून गेला. पुन्हा नेला. पुन्हा गेला. रस्त्यावर दुकानांची दारं उघडू लागली, ऊन खिडकीतून उशीवर आलं, इस्त्री गार झाली. दोरा सुईपाशी यायचा आणि जायचा. बायको तिथेच उभी होती. आपलेच दोन्ही हात तिने काखेत घट्ट दाबून धरले होते.

मास्तरांची आठवण कुणीही काढील. तुम्ही त्या बाईची ठेवा.