निरंक टेबल

"आज तरी सापडली का फाइल?" उद्धवरावांनी खुर्ची ओढली.

"नाही साहेब. रेकॉर्ड रूम हलवलीय ना, सगळा गोंधळ आहे," दिव्या म्हणाली. हेच कारण तिने मागच्या सोमवारीही दिलं होतं.

महापालिकेत कर्मचाऱ्यांच्या तक्रारींच्या कक्षात लागून तिला चारच महिने झाले होते. एवढ्यात ती थापा मारण्यात मात्र तरबेज झाली होती. रहाटणीहून दोन बस बदलून येणाऱ्या या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवताना तिला स्वतःचीच लाज वाटायची.

उद्धवरावांचा मुलगा समाधान जलनिःसारण विभागात कायम नोकरीला होता. ऑगस्टमध्ये त्याला मास्क नाही, पट्टा नाही, तसाच चेंबरमध्ये उतरवला. तो जिवंत वर आलाच नाही. दहाव्याला त्याचा जोडीदार नवनाथ रडत रडत बोलून गेला, की समाधानने याबद्दल आधीच तक्रार केली होती. निनावी.

"नाव का नाही टाकलं त्यांनी?"

"नवनाथनेही हेच विचारलं होतं. तर समाधान म्हणाला, तिथे बसलेला माणूस वाचल्याशिवाय सही करत नाही, नाव कशाला हवं?" उद्धवराव पुढे झुकले. "मला त्या माणसाचं नाव हवंय, मॅडम. बाकी काही नको. त्याच्या दारात उभं राहून एकदाच विचारीन, वाचलं तरी होतंस का?"

भैरू शिपायाने न सांगता बिनसाखरेचा चहा आणून ठेवला आणि खाली मान घालून निघून गेला.

"तुम्ही तुमच्या साहेबांना पाठीशी घालताय," उद्धवराव म्हणाले. "एक कागद नऊ आठवडे सापडत नाही? एकतीस मेला मी इथून रिटायर झालो तेव्हा टेबल निरंक होतं माझं. एकसुद्धा प्रकरण मागे ठेवलं नाही."

"ऐकलंय साहेब."

"माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. आज मुदत संपते."

दिव्याला ते ठाऊक होतं. तिने शेवटचा प्रयत्न केला. "घरी जा साहेब. नाव कळून समाधान परत येणार आहेत का?" बोलून गेल्यावर तिला फार वाईट वाटलं.

"पोराने विश्वास टाकला होता त्या माणसावर," ते एवढंच म्हणाले.

आता तिच्याकडे थाप उरली नव्हती. पहिल्याच सोमवारी सापडलेली फाइल तिने खणातून काढली आणि पोचपावती पुढे सरकवली. उद्धवरावांनी खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढलं आणि पावतीवर काय लिहिलंय ते न बघता, सवयीने सही ठोकली.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि फाइल उघडली. एकेका ओळीवर बोट ठेवून ते वाचत गेले. मास्क नाहीत. पट्टे फाटलेत. दोघांना आत चक्कर आली. कुणीतरी मरायच्या आधी बघा.

दिव्या खिडकीकडे बघत राहिली. तिला पान उलटल्याचा आवाज आला.

मागच्या बाजूला शिक्का होता: 'निनावी. कार्यवाही आवश्यक नाही. दप्तरी दाखल.' तारीख एकतीस मे. आणि शिक्क्यावर हिरव्या शाईत तीच सही, जी त्यांनी आत्ता पावतीवर केली होती.