फुकटची माती

शिरगावातल्या बंगल्यामागे फळबाग करायची म्हणून चिंतामणरावांनी दोन टेम्पो माती टाकून घेतली. "कंपनीमागचा भराव आहे काका, फुकट घ्या," टेम्पोवाला म्हणाला होता. त्यांनी त्या मातीने खड्डे भरले, आंब्याची आणि चिकूची कलमं लावली, काठ्या रोवून बांधली.

पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या आवारात गुडघाभर गवत माजलं. यांच्याकडे एक काडी नाही. मुंगी नाही, गांडूळ नाही. "खुरपायची कटकटच नाही!" असं ते येईल त्याला कौतुकाने सांगायचे. कलमं तेवढी टिकेनात. दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा नर्सरीवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं.

तिसऱ्या खेपेला खड्डे खणायला गावातल्या सदूला बोलावलं. त्याने मूठभर माती उचलली, हुंगली आणि झटकन टाकून दिली. मग नळाखाली तीनदा साबणाने हात धुतले.

"साहेब, जिच्यात गवत नाय जगत, तिच्यात आंबा कसा जगणार? हिला हात नका लावू. आजच्या आज सगळी उचलून टाका."

"अरे, पण उरलेला एवढा मोठा ढीग आहे तिकडे," म्हणत चिंतामणराव वळले.

ढिगामागून त्यांची चार वर्षांची नात अक्षदा येत होती. तिच्या तळहातावर मातीचा मोदक होता.

 

"आजोबा, रोज मी एकटीच खाते. आज तुम्ही पण खा ना."